एक जूनची पोरं

एक जूनला पहाटे साडेपाचपासून माझा फोन टुंग टुंग करायला लागतो. गावाचा व्हॉट्सअॅप गट, भावकीचा गट, शाळासोबत्यांचा गट आणि कचेरीतल्या निवृत्तांचा गट. चारही ठिकाणी तोच केक, त्याच मेणबत्त्या, तेच जोडलेले हात. गंमत अशी की, शुभेच्छा देणाराही एक जूनचा आणि घेणाराही एक जूनचाच. त्यामुळं आमच्या गटावर त्या दिवशी एकच उत्तर चालतं, "धन्यवाद, आणि तुम्हालाही." मुठा खोऱ्यापासून ताम्हिणीपर्यंत साठी ओलांडलेल्या कुणालाही जन्मतारीख विचारून बघा. साल वेगळं सांगेल, पण दिवस आणि महिना बहुतेक हाच निघेल.

बाहेरच्या माणसाला वाटेल, मुळशीच्या हवापाण्यातच काहीतरी आहे. एक जूनपासून नऊ महिने मागं मोजले की सप्टेंबर येतो. खाचरात भात पोटरीला आलेलं, बाहेर झड लागलेली, माणसं घरात कोंडलेली. एखाद्या हुशार अभ्यासकानं एवढ्यावर प्रबंध ठोकला असता. पण खरं कारण पावसात नाही, प्राथमिक शाळेच्या रजिस्टरात आहे. आम्हा सगळ्यांना आयांनी वेगवेगळ्या दिवशी जन्म दिला आणि गुरुजींनी एकाच दिवशी.

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं. पहिलीत घालायचं तर पोराला सहा वर्षं पुरी झालेली हवीत. जन्माचा दाखला कुणाकडं नसायचा. मग गुरुजी पोराकडं बघायचे, बापाकडं बघायचे, चालू सालातून सहा वजा करायचे आणि पुढं 'एक जून' लिहून मोकळे व्हायचे. शंका आलीच तर परीक्षा होती : उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. या शास्त्रावर आमच्या दोन-तीन पिढ्या साक्षर झाल्या.

माझा प्रवेश १९६७ सालचा. आबा मला एकट्यालाच घेऊन निघाले होते. धाकटा रडत मागं लागला म्हणून त्यालाही काखेत घेतलं. गुरुजींनी दौतीत टाक बुडवला आणि विचारलं, "जन्म कधीचा?"

"गौरी जेवणाच्या दिवशीचा," आबा म्हणाले.

"साल?"

"पानशेत फुटलं ते."

पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. ही तारीख पुण्याच्या आसपास कुणाला विचारावी लागत नाही. पण त्या सालच्या गौरी कोणत्या तारखेला बसल्या, हे काढायला जुनं पंचांग लागलं असतं आणि टाकाची शाई वाळत होती. गुरुजींनी लिहिलं, १ जून १९६१. मग त्यांचं लक्ष धाकट्याकडं गेलं.

"आणि हा?"

"हा चीनच्या लढाईतला."

"त्याचंही घालून टाकू. पट भरत नाही यंदा."

धाकट्याला परीक्षेला उभं केलं. त्याचा हात काही केल्या कानाला पोचेना. तेव्हा गुरुजींनी कान धरून जरा वर ओढला आणि म्हणाले, "पोचला." पुन्हा १ जून १९६१. मी सप्टेंबर एकसष्टचा, तो नोव्हेंबर बासष्टचा. गेलो भाऊ म्हणून आणि बाहेर आलो जुळे होऊन. पुढं पासपोर्टच्या वेळी समोरच्या बाईंनी दोघांचे दाखले शेजारी ठेवून विचारलं, "जुळे का?" धाकटा म्हणाला, "सरकारी."

या हिशेबानं पानशेत फुटलं तेव्हा मी कागदोपत्री ४१ दिवसांचा होतो. आई मात्र शेवटपर्यंत सांगायची, "पानशेत फुटलं तवा तू प्वाटात व्हतास. मी डोंगरावनं पाऊस बघत व्हते." एकाच वेळी पाळण्यात आणि पोटात असण्याचा मान पुराणातसुद्धा फार जणांना मिळालेला नाही.

आईचं कॅलेंडर असं घटनांचं होतं. पानशेत, चीनची लढाई, कोयनेचा भूकंप, बाहत्तरचा दुष्काळ, सुकडी वाटली ते साल. भावकीतल्या कुणाचंही वय तिला त्या यादीवर बोट ठेवून सांगता यायचं. आजीचं कॅलेंडर त्याहून सोपं. त्यात दोनच पानं : धरणाच्या आधी आणि धरणाच्या नंतर.

इथं जरा आडवाट घेतो, कारण मुळशीच्या माणसानं तारखांवर लिहावं आणि १६ एप्रिलबद्दल बोलू नये हे बरं दिसणार नाही. १६ एप्रिल १९२१. त्या दिवशी रामनवमी होती आणि वार शनिवार. टाटा कंपनीनं वीज काढण्यासाठी मुळा-नीला संगमाजवळ धरण बांधायला घेतलं होतं. पन्नासेक गावं पाण्याखाली जाणार होती. हजार-बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि मुळशी सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती, जान किंवा जमीन. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती बापट झाले. धरण व्हायचं ते झालंच. जे पाणी पूर्वेला पुण्याकडं वाहायचं ते सह्याद्री उतरून भिऱ्याला गेलं आणि त्याची वीज मुंबईला गेली. आजीचं घर कुठं होतं ते ती होडीतून हात करून दाखवायची, आणि तिथं नुसतं निळं पाणी असायचं.

आता त्याच तारखेचा दुसरा भाग ऐका. १६ एप्रिल १८५३, वार पुन्हा शनिवारच. दुपारी तीन पस्तीसला बोरीबंदरहून ठाण्याला हिंदुस्थानातली पहिली प्रवासी आगगाडी निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी. म्हणजे रेल्वेचा वाढदिवस आणि मुळशी सत्याग्रहाचा वाढदिवस एकच. आणि सेनापतींना सात वर्षांची शिक्षा कशासाठी झाली? १९२४ साली त्यांनी धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवली म्हणून. एकाच तारखेच्या पोटची भावंडं कोर्टात उभी राहिली, हे आमच्या भावकीत नेहमीचंच, पण तारखांनीही ते करावं?

चार्ली चॅप्लिन जन्मला तोही १६ एप्रिललाच, १८८९ साली. आणि अगदी तोच दिवस, तेच साल धरून बसायचं तर पीटर उस्तिनोव हा नट : आमचे मावळे धरणावर बसले होते त्याच दिवशी तो लंडनमध्ये जन्मला. पुढं ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी दिल्लीत मुलाखतीसाठी कॅमेरा लावून तो इंदिरा गांधींची वाट बघत थांबला होता. त्या निघाल्या होत्या त्याच्याकडंच. त्या दिवसाचं पुढचं मी सांगायला नको. काही माणसं तारखांच्या वाटेवरच जन्माला येतात.

आमच्यात वाद एवढाच होतो की सत्याग्रहाचा दिवस तिथीनं पाळायचा की तारखेनं. धाकटा म्हणतो, रामनवमीला. मी म्हणतो, सोळा एप्रिलला. शिवजयंती एकोणीस फेब्रुवारीला की फाल्गुन वद्य तृतीयेला, हा वाद ज्या मुलखात दोन मिरवणुका काढून मिटवतात, तिथं हा प्रश्नही दोनदा नारळ फोडून सुटायला हरकत नव्हती. पण नारळाचे पैसे कुणी द्यायचे, यावर बैठक संपते.

तर पुन्हा एक जून. माझा पुतण्या हिंजवडीला संगणकावर काम करतो. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, हे तिथं कामाला येणाऱ्या निम्म्यांच्या गावी नसतं. गेल्या एक जूनला तो फोन घेऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "नाना, तुमच्या तारखेला कोण कोण जन्मलंय बघायचं का?"

"माझ्या तारखेला सबंध पौड जन्मलंय," मी म्हटलं.

"जगातलं बघू. मेरिलिन मन्रो, १९२६."

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. "ही कोण?" असा प्रश्न त्यामागून आला. पुतण्यानं उत्साहानं फोटो दाखवला. आमच्या सौभाग्यवतींनी तो लांब धरून, मग जवळ धरून बघितला आणि निकाल दिला, "हिलाबी गुर्जींनीच तारीख दिली असंल. येवढी काय एक जूनची दिसत न्हाई."

यादी पुढं सरकली. सत्येंद्रनाथ टागोर, १८४२. आयसीएस झालेला पहिला हिंदी माणूस, रवींद्रनाथांचा थोरला भाऊ, आणि नोकरी सगळी आपल्या मुंबई इलाख्यात. नर्गिस, १९२९. आणि ज्या दिवशी नर्गिस जन्मली, अगदी त्याच १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल वगैरे मंडळींना नारळ फोडताना काय कल्पना असणार, की तिकडं कलकत्त्यात 'मदर इंडिया'नं पहिला टाहो फोडलाय.

१ जून १९३० ला दख्खनची राणी धावली. तिचा वाढदिवस दरवर्षी पुणे स्टेशनवर केक कापून करतात, इंजिनाला हार घालतात, प्रवासी टाळ्या वाजवतात. आणि १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी सुटली. लाकडी बॉडी, वर कापडी छप्पर, आणि वाहक होते लक्ष्मण केवटे. हे वाचल्यावर धाकट्याची छाती एकदम फुगली, कारण तो उभा जन्म एसटीत वाहक होता. "बघ," म्हणाला, "माझी आणि एसटीची तारीख एकच."

"एसटीची तारीख खरी आहे," मी म्हटलं.

जगानं एक जूनला दिवस तरी किती ठेवलेत! २००१ पासून हा जागतिक दूध दिन. आणि हवामान खात्याच्या हिशेबानं मोसमी पाऊस केरळात दाखल होण्याची सरासरी तारीखही एक जूनच. दुधाचा आणि पाण्याचा दिवस ज्या कुणी जुळवून आणला, त्याच्या घरी दोन-चार म्हशी नक्की असणार. संयुक्त राष्ट्रांनी याच दिवशी जागतिक पालक दिन ठेवलाय आणि रशिया, चीन वगैरे देशांत हाच बाल दिन. म्हणजे शुभेच्छा कुणी कुणाला द्यायच्या हे घरात ठरवून घ्यायचं. चीनचं नाव निघाल्यावर धाकटा जरा गंभीर झाला. "जन्मलो त्यांच्या लढाईत," म्हणाला, "आणि वाढदिवसही त्यांनीच घेतला."

अमेरिकेत एक जूनला अनवाणी चालायचा दिवस असतो म्हणे. आमच्याकडं तो दिवस पेरणीला सुरू होतो आणि आवण लावून झाल्यावर संपतो. खाचरात चप्पल घालून उतरलेला माणूस मी अजून तरी पाहिला नाही. फार्महाऊसवाले उतरतात, पण त्यांची चप्पल बाहेर येत नाही. अमेरिकेतच एक जूनला नाणं उडवायचाही दिवस पाळतात. हे ऐकून मला गुरुजी आठवले. त्यांनी आमच्यासाठी नाणंसुद्धा उडवलं नाही. छापा-काटा केला असता तर निदान निम्मी पोरं दोन जूनची झाली असती.

दोन जून. हे दोन शब्द सरकारी नोकरीत असलेल्या एक जूनवाल्यासमोर उच्चारू नका. अठ्ठावन्न वर्षं ज्या महिन्यात भरतात त्या महिन्याच्या अखेरीस माणूस निवृत्त होतो. पण जो महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मला, तो आदल्या महिन्याच्या अखेरीसच घरी जातो. गुरुजींनी एकाच्या जागी दोन लिहिलं असतं तर जूनचा अख्खा पगार मिळाला असता. एका आकड्याची शाई, किंमत एक पगार.

मी पन्नाशीच्या सुमारास तारीख दुरुस्त करायचा प्रयत्न केला. एका कचेरीत गेलो. कुणीतरी सांगितलं होतं, कोतवाल बुकात बघा, गाव नमुना चौदा. जुनं बुक निघालं, पानं पापडासारखी मोडत होती. आणि खरंच नोंद होती! सप्टेंबर १९६१, बापाचं नाव आबांचं, मुलगा. नावाचा रकाना मात्र कोरा, कारण नोंद करायच्या वेळी बारसं झालेलं नव्हतं. मी आनंदानं बोट ठेवलं. समोरच्यांनी चष्मा वर केला.

"हे तुम्हीच कशावरून?"

"मग कोण असणार?"

"तुमचे भाऊ असतील. तुम्ही जुळे आहात ना?"

त्यानंतर त्यांनी प्रेमानं चहा मागवला आणि समजावलं की दुरुस्तीचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो. त्या पाच वर्षांत मी काय करत होतो? दुसऱ्यांच्या अर्जांवर 'मुदतीत नाही' असा शेरा मारत होतो.

३१ मे २०१९, शुक्रवार. त्या दिवशी आमच्या कचेरीत एकाच वेळी सात जणांचा निरोप समारंभ झाला. सातही एक जूनचे. सात शाली, सात श्रीफळं आणि भाषण एकच, कारण सातव्यांदा 'यांच्या जाण्यानं पोकळी निर्माण होईल' म्हणायला साहेबांना जड गेलं असतं. पोकळी खरीच झाली. सोमवारी कामाला आलेल्या लोकांना कपाटाच्या किल्ल्या कुठं असतात हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. सबंध जूनभर मी घरबसल्या फोनवर ती नोकरी केली, बिनपगारी.

त्याच दिवशी धाकटाही एसटीतून निवृत्त झाला. मला चार महिन्यांचा फटका, त्याला दीड वर्षाचा. आजही दिवाळीला पाटावर शेजारी बसलो की तो म्हणतो, "दादा, तुझ्यामागं रडत आलो नसतो तर अठरा पगार झाले असते." मी म्हणतो, "तुझा कान मी नाही ओढला." आबा हयात असताना या वादात म्हणायचे, "दोघांची एकच फी पडली व्हती, त्येचं कुनी बोलत न्हाई." फी प्राथमिक शाळेला नव्हतीच, पण आबांशी वाद घालायची पद्धतही नव्हती.

ही फक्त आमचीच कथा नाही, एवढं समाधान. आता शाळेत जन्मदाखला लागतो, त्यामुळं नवी पोरं बाराही महिने जन्मतात. पण आधारच्या वेळी ज्याला नुसतं साल सांगता आलं, अशा कित्येकांची तारीख एक जानेवारी पडली. अमेरिकेत पोचलेल्या अनेक निर्वासितांच्या कागदांवरही तीच असते. शर्यतीच्या घोड्यांचं वयही एक जानेवारीलाच वाढतं, मग शिंगरू कधीही जन्मो. संगणकाला निदान वर्षाचा पहिला दिवस तरी सुचला. आमच्या गुरुजींना शाळेच्या वर्षाचा पहिला महिना सुचला. आणि आता शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे जी तारीख शाळेनं दिली, त्याच तारखेला शाळेला कुलूप. फळ्यावर रोज सुविचाराखाली दिनविशेष लिहितात, त्यात एक जूनचा दिनविशेष आजवर कुणी लिहिलेला नाही.

पण चौकात लिहिला जातो. मागच्या वर्षी पोरांनी पौडच्या रस्त्याला फ्लेक्स लावला. वर एका नेत्याचा मोठा फोटो, हात उंचावलेला. त्यांचा वाढदिवस नव्हता, पण त्यांच्याशिवाय फ्लेक्स उभा राहत नाही. खाली आम्ही सत्तावीस जण, पासपोर्टच्या आकारात, तीन ओळींत. फोटो जमवायला वेळ नव्हता म्हणून मिळेल तिथून घेतलेले. माझा आधार कार्डावरचा आहे. त्यात मी कुणीतरी पाकीट मारल्यासारखा बघतोय. धाकट्याचा एसटीच्या बिल्ल्यासकट. तिसऱ्या ओळीतले एक अण्णा फेब्रुवारीतच वारले होते. त्यांच्याही डोक्यावर 'दीर्घायुष्य लाभो' होतंच. संध्याकाळी पिरंगुटहून केक आला. कापायला कुणाच्या तरी गाडीतून तलवार निघाली, पण तलवारीनं केक कापला तर पोलीस गुन्हा नोंदवतात, म्हणून ती परत गाडीत गेली आणि केक गवताच्या विळ्यानं कापला. सव्वीस वाढदिवसकरी आणि टाळ्या वाजवायला चौघं. पावसाचे चार थेंब आले तसे सगळे टपरीच्या पत्र्याखाली सरकलो.

म्हणून वाचकहो, एक जूनला रस्त्यात साठीपुढचा कुणीही भेटला तर बेलाशक शुभेच्छा द्या. बहुतेक बरोबरच निघेल आणि चुकलं तरी तो रागावणार नाही, कारण त्याचाही दिवस कुणीतरी असाच ठरवलेला आहे. घरी मात्र गौरी जेवणाला या. त्या दिवशी आमच्याकडं पुरणपोळी असते आणि पहिली पोळी माझ्या पानात पडते. ते दरवर्षी एका तारखेला येत नाही, तेवढं कालनिर्णयात बघून निघा.